मशीनला पहिला हात

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात मी नोकरीला होते तेव्हा तापट बाई अशीच माझी ओळख होती. तमिळ मला धड येत नव्हतं. त्यामुळे माझं भांडण तमिळमध्ये सुरू व्हायचं, मध्येच इंग्रजीत शिरायचं आणि खरा राग आला की थेट कोल्हापुरी मराठीवर यायचं. समोरच्याला शब्द कळायचे नाहीत, पण मुद्दा बरोबर पोचायचा. माझ्या त्या मराठीवर तिथे एकच माणूस खुदकन हसायचं, ती म्हणजे अक्का.

अक्का माझी कोणी लागत नव्हती. तंजावरकडची मराठी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्या घरच्या कित्येक पिढ्या तमिळ मुलखातच गेल्या. तिची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना. शब्द आमचेच, पण फार जुने, आणि चाल सगळी तमिळची. मला हाक मारताना 'काय गे' म्हणायची. मी म्हटलं, "अगं, असं बोलायचं आमच्याकडे कधीच बंद झालं." तर म्हणाली, "तुमच्याकडे बंद झालं, आमच्याकडे चालू आहे." सकाळी अण्णा नगरहून कंपनीची बस निघायची, तिच्यात माझ्या शेजारची जागा तिची. मी नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईत येऊन पडलेली, माहेरच्या भाषेला आसुसलेली. ती बस हेच माझं माहेर होतं म्हणा ना.

तिचा नवरा याच कारखान्यात बॉयलरवर होता. एका दुपारी कामावरच त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. अक्का रसायनशास्त्रातली बी.एस्सी. कंपनीनं तिला लॅबमध्ये घेतलं, पण कंत्राटावर. दिवाळीनंतर कायम करू, असं मॅनेजर तोंडी म्हणाले होते. घरात दहावीची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. नोकरी राहिली नाही तर थोरल्या दिराच्या घरी जाऊन राहायचं, एवढाच रस्ता होता, आणि त्या घराचं नाव काढलं तरी अक्काचा चेहरा उतरायचा. "तिथे गेले की मुलीचं शिकणं संपलं गे," एवढंच म्हणायची. दिवाळीकडे ती कशी डोळे लावून बसली होती ते मी रोज बघत होते.

आमचा कारखाना सलाईनच्या बाटल्यांचा. सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे साखरच. ती ठरल्याइतकीच आहे ना, हे प्रत्येक बॅचला तपासावं लागतं, कारण ते पाणी शेवटी कुणाच्या तरी शिरेत जायचं असतं. जुन्या पद्धतीनं तपासायला वेळ लागायचा, म्हणून कंपनीनं लेसरचं मशीन आणलं. त्याचं शिक्षण घ्यायला मला पाठवलं होतं, आणि मी ते अक्काला शिकवलं. काम ऐकायला सोपं आहे. द्रावणातून हिरवा लेसर सोडायचा. बहुतेक उजेड आला तसाच जातो, पण त्यातला अगदी कणभर उजेड रेणूंना धडकून, रंग बदलून बाहेर पडतो. कुठला पदार्थ रंग किती बदलणार हे ठरलेलं असतं. कॉम्प्युटरच्या रेघेवर त्या त्या जागी टोकदार उंचवटा उठतो, त्याला आम्ही पीक म्हणायचो. साखरेचं पीक जितकं उंच तितकी साखर जास्त. गोम एवढीच की हा उजेड फार अशक्त. लग्नाच्या मांडवात बँड वाजतोय आणि कोणी कानात कुजबुजतंय, असा प्रकार. दुसरं काहीही जरा चमकलं की कुजबुज बुडालीच.

द्रावण ज्यात घालायचं ती काचेची बोटभर चौकोनी नळी, तिला क्युव्हेट म्हणतात. आमच्याकडे परदेशातून आणलेली एक चांगली क्युव्हेट होती. ती सकाळी एकदा मशीनमध्ये बसवली की दिवसभर हलवायची नाही, नमुने ड्रॉपरनं जागच्या जागी काढायचे आणि घालायचे. तिला अक्का किंवा मी, दोघींशिवाय कोणी हात लावायचं नाही, आणि तोही हातमोजे घालूनच. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आयुधपूजा आली. आमच्याकडे खंडेनवमीला माझे वडील वर्कशॉपातल्या लेथला हळदकुंकू वाहायचे, तेव्हा मला त्याचं काही नवल नव्हतं. उलट बरं वाटलं. दारात कुंकू घातलेला कोहळा फोडला, कॉम्प्युटरला चंदनाचा टिळा लागला, वजनकाट्याला हार. मी फक्त बजावलं होतं, मशीनच्या भिंगांजवळ कोणी काही लावायचं नाही. तेवढं सगळ्यांनी ऐकलं. पण क्युव्हेटची डबी मॅनेजरांनी मोठ्या कौतुकानं उघडी करून सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवली, आणि आतल्या क्युव्हेटवर हळदीच्या अक्षता पडल्या. एवढी महागाची वस्तू, तिचीही पूजा नको का? तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

एकेक जण पुढे होऊन मशीनला फूल वाहत होता. अक्का दाराशी, आग विझवायच्या लाल नळकांड्यापाशी उभी होती. फुलांचं ताट फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं आणि तिला ओलांडून पुढे गेलं. तिनंही हात पुढे केला नव्हता. ते बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटातलं एक शेवंतीचं फूल उचललं, तिचा दंड धरला आणि तिला मशीनपाशी ओढत नेलं. "दिवसभर याच्यापाशी बसतेस तू, आणि फूल वाहायचं दुसऱ्यांनी? वाहा!" ती "नको गे, नको गे" करत होती. शेवटी तिनं फूल ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. मग कोणीतरी चण्यांची उसळ वाटायला सुरुवात केली आणि गडबड परत सुरू झाली. मला वाटलं, झालं, जिंकले मी.

सुट्टीनंतर कारखाना उघडला आणि पहिल्याच नमुन्याला साखर जास्त दाखवली. पुन्हा केलं, पुन्हा जास्त. सकाळच्या सगळ्या बॅचेस अडकवून ठेवाव्या लागल्या. अक्काला घाम फुटला. दुपारी ती जेवायला गेली, तिच्या जागी मी बसले, आणि बघते तर आकडे खाली येऊन ठिकाणावर बसलेले. अडकवलेल्या बॅचेस जुन्या पद्धतीनं तपासल्या, तर त्यांच्यात काडीचाही दोष नव्हता. म्हणजे द्रावण चांगलं, मशीन चांगलं, तर चूक कशात? मॅनेजर म्हणाले, "हँडलिंग." म्हणजे हाताळणी. म्हणजे हात.

कँटीनमध्ये मात्र कोणी हँडलिंग म्हणत नव्हतं. मी इडलीची थाळी घेऊन गेले की तिथलं बोलणं थांबायचं. माझं तमिळ कितीही कच्चं असलं तरी 'फूल' आणि 'नवरा' हे दोन शब्द मला कळत होते.

संध्याकाळी मॅनेजरांनी मला बोलावलं. एम.एस्सी. झालेला माणूस, हळू बोलणारा, कपाळाला भस्म. म्हणाले, "मॅडम, माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही. पण स्टाफचं मन सांभाळायला पाहिजे. उद्यापासून सकाळी मशीनला पहिला हात एखाद्या सुमंगलीचा लागू दे. क्युव्हेट तिनं ठेवायची, बटण तिनं दाबायचं. पुढचं काम नेहमीसारखं. तुम्हीच करा की."

सुमंगली म्हणजे आपल्याकडची सवाष्ण. मी म्हटलं, "सर, माझा नवरा जिवंत आहे हे मशीनला कळतं का?"

"रागावू नका."

"रागावू नको तर काय करू? तुमच्या त्या मशीनच्या पुस्तकात लिहिलंय का कुठे, चालवणाऱ्या बाईला नवरा पाहिजे म्हणून?" यापुढचं मी मराठीत बोलले, ते इथे लिहीत नाही.

मॅनेजरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते काम मामींना दिलं. मामी म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या बाई, चेन्नईच्या रिवाजाप्रमाणे सगळेच त्यांना मामी म्हणायचे. स्वभावानं लोण्यासारख्या. घरचं लिंबाचं लोणचं अख्ख्या लॅबला वाटणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याचं बायपास झालेलं होतं आणि त्या शुक्रवारची देवीची पूजा कधी चुकवायच्या नाहीत. या कामाचा त्यांना संकोच वाटला हे खरं, पण आतून कुठेतरी मानही वाटला असणार. रोज सकाळी त्या मशीनपाशी यायच्या. हातमोजे घालायच्या नाहीत, कारण शुभ हात रबरात गुंडाळला तर त्याचा उपयोग काय! मंगळसूत्राचा पिवळा दोरा चिमटीत धरून डोळ्यांना लावायच्या, मग अक्कानं भरून दिलेली क्युव्हेट कागदानं पुसून मशीनमध्ये ठेवायच्या आणि बटण दाबायच्या. अक्का दोन पावलं मागे उभी असायची.

आणि आकडे? रोज सकाळी जास्त! रोज दुपारपर्यंत ठिकाणावर! दुपारी मी बसायचे, म्हणून माझ्या हाताला यश आणि तिच्या हाताला अपयश. जेवून आल्यावर तिच्याही हाताखाली आकडे बरोबर यायचे, पण ते कोण मोजतंय? आता तर लोक उघडच बोलायला लागले. पहिला हात चांगला लावून सुद्धा हिच्यापुढे चालत नाही म्हणे. मॅनेजर मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही सुधारलं तर त्यांना पॅकिंगला पाठवावं लागेल." पॅकिंगला सगळे कंत्राटी. तिथे कोणी कायम झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. आणि दिवाळी तर दारात येऊन उभी होती.

मी मशीन तपासलं. भिंगं बघितली, लेसर बघितला, कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून त्याचंही डोकं खाल्लं. काही सापडेना. त्या दिवसांत घरी मी कोणाशी नीट बोलत नव्हते. नवरा म्हणाला, "तू का एवढं लावून घेतेस?" त्याला काय सांगू? फूल तिच्या हातात मी दिलं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा दिलं असतं, पण भोगत होती ती.

एका संध्याकाळी बसमध्ये अक्का आपल्या तळहातांकडे बघत होती. मग म्हणाली, "असेल गे. माझ्या हातातच काही असेल."

"अक्का, वेड लागलंय का तुला? तू बी.एस्सी. झालेली!"

"त्या दिवशी ह्यांना डबा मीच भरून दिला होता. माझ्याच हातानं."

मला रडू कोसळलं. इतके दिवस मी जगाशी भांडत होते, आणि इथे जिच्यासाठी भांडत होते तीच त्यांच्या बाजूला जाऊन बसली होती. मी तिला दटावलं, तिच्यावर चिडले, काय काय बोलले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये जाऊन बसले. अक्काला म्हटलं, "आज मामींच्या हातात द्यायच्या क्युव्हेटमध्ये नमुना घालू नकोस. नुसतं शुद्ध पाणी घाल." मामी आल्या, दोरा डोळ्यांना लावला, क्युव्हेट ठेवली, बटण दाबलं. पाण्यात साखर नाही, काही नाही, तेव्हा साखरेच्या जागी रेघ सरळ जायला हवी. पण कॉम्प्युटरवर भाकरी फुगावी तसा एक भलामोठा फुगवटा उठला. साखरेचं पीक टोकदार असतं, हे तसं नव्हतं. याचा अर्थ लेसरच्या वाटेत काहीतरी चमकत होतं. साखरेचं पीक रोज या फुगवट्यावर चढून उंच दिसत होतं, एवढीच भानगड!

मी लेसर तसाच चालू ठेवला आणि समोर बसून राहिले. फुगवटा हळूहळू बसायला लागला, उन्हात कापडाचा रंग विटावा तसा. दुपारी आकडे का सुधारायचे ते कळलं. त्यात माझ्या हाताचं यश कसलं आलंय! जे काही चमकत होतं ते लेसरखाली सकाळभर भाजून निघायचं, बस्स. मग मी क्युव्हेट बाहेर काढली, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि बाहेरून खसखसून पुसली. कापूस बघितला. अगदी फिका, पण पिवळा.

मी मान वर केली. समोरच्या टेबलावर मामी फायली लावत बसल्या होत्या. गालांवर सकाळच्या अंघोळीची हळद, आणि गळ्यात हळदीत भिजवलेला तो पिवळा दोरा.

"हळद!" मी इतक्या जोरात ओरडले की अक्काच्या हातातला ड्रॉपर खाली पडला.

कँटीनमधून चिमूटभर हळद आणली. स्वच्छ केलेल्या क्युव्हेटमध्ये पाणी घालून बघितलं, रेघ सरळ. हळदीचं बोट बाहेरून नुसतं टेकवलं, तोच फुगवटा. पूजेच्या अक्षतांनी पहिला दिवस बिघडवला होता, आणि त्यानंतरचे सगळे दिवस त्यावर काढलेल्या उपायानं. हळद नुसत्या कागदानं पुसून थोडीच जाते? मी मॅनेजरांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर हे पुन्हा करून दाखवलं. मला अगदी उकळ्या फुटत होत्या. चांगले चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच ठेवलं होतं.

पण माझी नजर मामींकडे गेली. त्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांनी गळ्यातला दोरा मुठीत घट्ट धरला होता. "माझ्या हळदीनं?" त्यांनी मला विचारलं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी रोज लावायची हळद ती. तिनं कोणाचं वाईट होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चार शब्द सुनवायचे सोडून मी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

मॅनेजर मात्र खूश झाले. "म्हणजे टेक्निकल कारण होतं. व्हेरी गुड, मॅडम." जसं काही ते पहिल्यापासून तेच म्हणत होते. अक्काला कोणी काही म्हणालं नाही. माफी तर सोडाच, कँटीनमध्ये फक्त विषय बदलला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मिठाईचे डबे वाटायला सगळ्यांना एकत्र बोलावलं. मॅनेजरांनी अक्काला पुढे घेतलं आणि कायम केल्याचा कागद तिच्या हातात दिला. मग मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आणि आजपासून क्युव्हेट फक्त यांनीच हाताळायची. आपल्या लॅबमध्ये सगळ्यात स्वच्छ हात यांचे. ना हळद, ना कुंकू, काहीच नाही!" माणूस मनापासून बोलत होता. त्याला वाटत होतं, आपण तिचा गौरव करतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, कारण माझ्या डोळ्यांसमोर तो कागद होता, तिची मुलगी होती, दिराकडे जायची टळलेली वेळ होती.

बसमध्ये बसल्या बसल्या मी म्हटलं, "काय मग अक्का, हरले की नाही सगळे? आता पेढे काढ!"

ती म्हणाली, "कोण हरलं गे? तेव्हा म्हणत होते, हिच्या हाताला हळद नाही. आजही तेच म्हणाले."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं मिठाईच्या डब्यावर ठेवलेला तो कागद सरळ केला आणि हळूच म्हणाली, "हे गेले म्हणून नोकरी लागली. हे नाहीत म्हणून टिकली."

अण्णा नगरला उतरताना तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दिवाळीनंतर लॅब उघडली. मामी आपल्या टेबलावर खाली मान घालून बसल्या होत्या. हातमोज्यांचा नवा खोका मशीनशेजारी मीच आणून ठेवला होता. अक्का आली, तिनं खोक्याकडे बघितलं आणि "माझ्या हातांत झाकण्यासारखं काय आहे गे?" म्हणत तो बाजूला सरकवला. क्युव्हेट भरली, उघड्या बोटांनी उचलली, मशीनमध्ये ठेवली आणि बटण दाबलं. रीडिंग अगदी बरोबर आलं.